नर्सबाईंच्या स्कुटीची टायमिंग चेन

(कोंढा येथे पाठीराख्यांच्या मेळाव्यात, मृगाच्या आधी केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्या केंद्रावर शनिवारी मुलांना दुचाकी दुरुस्ती शिकवतात.)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो होतो की मी मिस्त्री माणूस आहे, माझे बोलणे पाना-पेचकसाचे असते. तर उत्तर मिळाले, तेच बोला. तुमच्या देणगीतून जी स्कुटी चालते, तिचे काय झाले ते सांगा. म्हणून आज मी एका चेनविषयी बोलणार आहे. भाषणानंतर चहा आहे, त्यामुळे तुम्ही धीर धराल अशी आशा आहे.

आपल्या नर्सबाईंची स्कुटी तुम्ही बाहेर पाहिली असेल. ११० सीसीची, पांढरी होती, आता मातकट आहे. आपल्याकडे कोणत्याही कंपनीची असो, बिनगिअरची गाडी म्हणजे स्कुटीच. या गाडीवर बाई कोंढ्यापासून पवनीच्या बाजूला आणि जंगलाकडच्या टोल्यांवर जातात. सिकलसेलच्या गोळ्या पोचवायच्या, गरोदर बायांचे वजन करायचे, ताप आलेल्या पोराला गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायचे. सिकलसेलचे दुखणे ज्या घरात आहे त्यांना माहीत आहे, दुखणे उठले म्हणजे तास मोजले जातात. त्या घरी गाडी वेळेवर पोचली की नाही, एवढाच प्रश्न असतो.

एप्रिलमध्ये बाई मला म्हणाल्या, "भाऊ, सकाळी चालू केली का गाडी खडखड करून राहिली. गरम झाली का थांबते." मी म्हटले, ऑइल पाहिले का? त्या म्हणाल्या, पाहिले, टाकले, तरी तेच. मग पंधरा दिवसांनी आवाज गरम गाडीतही येऊ लागला, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जास्त. टिनाच्या डब्यात बारीक गिट्टी हलवावी तसा. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी पूर्ण इंजिन खोलावे लागेल असे सांगून खर्चाचा आकडा दिला. तो ऐकून आपल्या समितीत चर्चा सुरू झाली की ही गाडी विकून, वर पैसे घालून नवी घ्यावी का. पैसे म्हणजे तुमचे पैसे. तेव्हा मी म्हटले, मला एक शनिवार द्या. हा आवाज टायमिंग चेनचा आहे.

आता टायमिंग चेन म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

इथे बसलेल्या बऱ्याच काकांनी लूना चालवली असेल, चेतक चालवली असेल. दोन्ही गाड्या १९७२ सालापासूनच्या, दोन्ही पुण्याकडच्या, आणि दोन्ही टू-स्ट्रोक. त्यांच्या इंजिनाला व्हॉल्व्ह नव्हते. पिस्टन वर-खाली होताना सिलेंडरच्या भिंतीतली भोके स्वतःच उघडायचा आणि झाकायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, निळा धूर सोडायचा आणि निघायचे. टायमिंग चेन नावाची वस्तूच त्या इंजिनात नव्हती, म्हणून जुन्या मंडळींना तिची ओळख नाही. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, २००१ च्या सुमारास अ‍ॅक्टिव्हा आली, आणि हळूहळू सगळ्या स्कुट्या फोर-स्ट्रोक झाल्या. धूर गेला, अ‍ॅव्हरेज वाढले. पण इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह आले. एक हवा-पेट्रोल आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. ते केव्हा उघडायचे हे ठरवणारा दांडा म्हणजे कॅम. आणि खाली क्रँक फिरतो त्याच्या तालावर वरच्या कॅमला फिरवणारी साखळी, ती टायमिंग चेन.

क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते असतात. आमच्या पोट्ट्यांनी मोजले, खाली १६, वर ३२. गाडी रस्त्याने साधारण वेगात चालली असताना क्रँक मिनिटाला ५,००० फेरे घेतो असे धरा. म्हणजे कॅम २,५०० फेरे, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,५०० वेळा उघडतो, मिटतो. बाई एक तास गाडी चालवून एखाद्या टोल्यावर पोचल्या तर तेवढ्यात दीड लाख वेळा. यातली एकही वेळ चुकून चालत नाही. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह खाली उघडा राहिला तर कित्येक इंजिनांत दोघे एकमेकांना धडकतात. व्हॉल्व्ह वाकतो, आणि मग खर्च खरोखरच मोठा असतो.

चेन दिसते सायकलच्या चेनसारखी, पण लहान. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत १२.७ मिलिमीटर अंतर असते. आमच्या स्कुटीच्या चेनमध्ये त्याच्या निम्मे, ६.३५. अशी बुश आणि रोलरची साखळी हान्स रेनॉल्ड नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १८८० साली काढली. म्हणजे वस्तू जुनी आहे आणि फार विचारपूर्वक केलेली आहे.

लोक म्हणतात चेन ताणली गेली, लांब झाली. मीही असेच म्हणायचो. खरे तर पोलाद रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन असते, ती एका बारीक नळीत फिरते. पिन झिजते, नळी झिजते, मध्ये फट पडते. आम्ही काढलेली जुनी चेन नव्या चेनशेजारी खिळ्याला टांगली तर ती अर्ध्या कडीएवढी, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर लांब भरली. कड्या ८४. तीनला चौऱ्याऐंशीने भागा, एका सांध्याच्या वाट्याला मिलिमीटरचा शंभरावा भागही चारदा येत नाही. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्मी झीज. हा हिशेब पाचवीपर्यंत शिकलेल्या एका मुलाने जमिनीवर खडूने केला. शाळेत भागाकार त्याला येत नव्हता, असे तो स्वतःच सांगतो.

ही झीज भरून काढायला इंजिनात टेन्शनर असतो. एक स्प्रिंगचा दांडा बाहेर येत राहतो, तो एका वाकड्या पट्टीला दाबतो आणि पट्टी चेनला दाबून धरते. चेन जसजशी लांब होते तसतसा दांडा पुढे येतो. त्यामुळे कित्येक हजार किलोमीटर आपल्याला काही कळतच नाही. दांडा पूर्ण बाहेर आला, आता पुढे यायला जागा नाही, तेव्हा चेन सैल होते, झाकणाच्या आतल्या भिंतीवर आपटते, आणि बाई म्हणतात, भाऊ, खडखड करून राहिली.

चेन इतकी लवकर का झिजली? याचे उत्तर मला सभेत सांगायला जड जाते, पण सांगतो. ऑइल. या इंजिनात एक लिटरही ऑइल मावत नाही. तेवढ्याच ऑइलवर पिस्टन, कॅम, चेन सगळे चालते. बाईंची गाडी धुळीच्या रस्त्याने, कमी वेगाने, थांबत थांबत चालते. ऑइल बदलायची तारीख दोनदा टळली, कारण त्या महिन्यात पैसे औषधांना लागले. ऑइलच्या एका डब्याची किंमत वाचवली आणि चेनचा खर्च आला. यात बाईंचा दोष नाही. गाडीच्या खर्चाचा वेगळा हिशेब आम्हीच ठेवला नव्हता. आता ठेवला आहे. डिक्कीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे, त्यावर किलोमीटर आणि ऑइलची तारीख लिहितात.

आता कामाचे सांगतो, कारण तुमच्यातही काहींच्या घरी अशी गाडी आहे, आणि दोघातिघांनी मघाशी मला विचारलेही.

पहिली गोष्ट, आवाज ओळखणे. सगळे आवाज चेनचे नसतात. टॅपेटचा आवाज टिकटिक असा, घड्याळासारखा एका लयीत येतो. बेल्टच्या बाजूचे रोलर झिजले तर आवाज त्या बाजूच्या झाकणातून येतो आणि चाक फिरू लागले की बदलतो. सायलेन्सरचे पॅकिंग फुटले तर फटफट येते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या वेगवेगळ्या जागी टेकवून मूठ कानाला लावायची, डॉक्टर छातीला नळी लावतात तसे. फिरत्या पंख्यापासून ओढणी, शर्ट, केस दूर ठेवून. मुलांना हे फार आवडते. प्रत्येकाने ऐकले, आणि चौघांनीही एकाच जागेवर बोट ठेवले.

दुसरी गोष्ट, खोलण्याआधी ऑइल पाहणे. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून. डिपस्टिक आट्यात फिरवायची की नुसती टेकवायची, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. ऑइल कमी असेल तर आधी ते भरून ऐका. मग टेन्शनर काढून पाहा. दांडा अडकलेला असेल तर फक्त टेन्शनर बदलून भागते. दांडा पूर्ण बाहेर आलेला असेल तर चेन गेली असे समजा. बाईंच्या गाडीत तो पूर्ण बाहेर होता.

आम्ही काम पहाटे पाच वाजता सुरू केले. कारण टॅपेट नेहमी थंड इंजिनावर लावतात, आणि आमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिले आहे की इंजिन ३५ अंशांच्या खाली हवे. हे पुस्तक लिहिणारा माणूस मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात आलेला नसावा.

चार मुले होती. दोन गोंड घरांतली, एक हलबा, एक धिवराचा. धानाचे काम संपले की त्यांच्या घरची माणसे नागपूरला बांधकामावर जातात, आणि मुलेही मागोमाग जातात. दहावी झालेला एकच आहे, तो पुढे आयटीआयला जाऊ शकेल. बाकीच्यांना ती वाट आज बंद आहे, म्हणून आमचा शनिवार.

बॅटरीची वायर आधी काढली. डिक्की काढली, बाजूची पत्रे काढली, पंख्याचे प्लास्टिकचे कव्हर काढले. प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या वाटीत. वाट्या नर्सबाईंच्या घरच्या, हे त्यांना नंतर कळले. ऑइल काढले. ऑइलची जाळी काढली तर तिच्यात काळे बारीक तुकडे सापडले. चेन ज्या पट्टीवर घासते त्या पट्टीचे ते तुकडे. म्हणजे चेनबरोबर दोन्ही पट्ट्याही बदलायच्या, हे तिथेच ठरले. ज्यांना नुसती चेन बदलून पैसे वाचवायचे असतात त्यांना मी सांगतो, जाळी आधी पाहा.

मग प्लग काढला, हेडचे कव्हर काढले, आणि मॅग्नेटवरची टी ची निशाणी इंजिनावरच्या खुणेसमोर आणली. इथे नवे लोक फसतात. टी ची निशाणी दर फेऱ्याला समोर येते, पण कॅम दोन फेऱ्यांत एकदा फिरतो. म्हणून निशाणी समोर आली तरी अर्ध्या वेळा ती चुकीची असते. दोन्ही टॅपेट बोटाने हलवून पाहायचे. दोन्ही थोडे सैल लागले तर बरोबर. घट्ट असले तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. बरोबर जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, कॅमवर स्प्रिंगचा जोर नसतो, म्हणून चाक सोडवले तरी ते स्वतःहून फिरत नाही. मुलांनी मोबाईलवर फोटो काढले. मी त्यावर आणखी नेलपॉलिशच्या खुणा करायला लावल्या. मोबाईलची बॅटरी संपते, नेलपॉलिशची नाही.

त्यानंतर टेन्शनर काढला, कॅमच्या चाकाचे बोल्ट काढले. बोल्ट काढण्याआधी चेनच्या बोगद्यात सुती लुगड्याचा बोळा घातला. एक बोल्ट आत पडला तर शनिवारचा रविवार होतो. चेन चाकावरून उतरवून तारेने बांधून ठेवली.

आता खालचे टोक. काही इंजिनांत चेन मॅग्नेटच्या बाजूला असते, काहींत दुसऱ्या बाजूला. आपल्या गाडीत मॅग्नेटच्या मागच्या झाकणाआड होती. मॅग्नेट काढायला पुलर लागतो. पुलर आमच्याकडे नाही. अड्याळच्या एका मिस्त्रीने उसना दिला, त्यांचे आभार. पुलर नसला की लोक हातोडी मारतात. हातोडीने मॅग्नेट निघतोही, पण क्रँक वाकडा होऊ शकतो, आणि ते तुम्हाला महिन्याभराने कळते. मॅग्नेटखाली क्रँकच्या खाचेत अर्ध्या चंद्रासारखा पोलादाचा छोटा तुकडा असतो. मॅग्नेट योग्य जागी बसावा म्हणून तो असतो. तो निघाला आणि शेडमधल्या मातीत पडला. अर्धा तास चौघेही गुडघ्यावर. शेवटी एका जुन्या लोहचुंबकाने सापडला. लोहचुंबक कोणाचा, ते मी विचारले नाही.

नवी चेन, दोन्ही नव्या पट्ट्या, नवा टेन्शनर, नवे पॅकिंग. जुन्या चाकांचे दाते भिंगाने पाहिले. टोकदार झालेले नव्हते, म्हणून चाके तीच ठेवली. नवी चेन ऑइलमध्ये बुडवून घातली. कोरडी चेन घालू नये, कारण पहिल्या काही सेकंदांत तिच्यापर्यंत ऑइल पोचलेले नसते.

इथे थांबून मला माझी एक चूक सांगायची आहे.

बरीच वर्षे झाली, माझे स्वतःचे छोटे दुकान होते. एका मासे विकणाऱ्या भावाच्या गाडीची चेन मी बदलली. गर्दी होती, दुपार झाली होती. चेन बसवली, निशाणी पाहिली, झाकण लावले आणि थेट स्टार्टरचे बटण दाबले. एकदा खट्ट असा आवाज आला आणि गाडी गप्प झाली. चेन चुकीच्या दात्यावर बसली होती. दोन्ही व्हॉल्व्ह वाकले. हेडचे काम करून आणायला आठ दिवस लागले. खर्च मी दिला, पण त्या माणसाचे आठ दिवसांचे मासे मी देऊ शकलो नाही. तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते. तो पायी पाटी घेऊन माझ्या दुकानासमोरून जायचा आणि विचारायचा, "झाली का गा, भाऊ?"

तेव्हापासून माझा नियम आहे. चेन बसवली की हाताने, पाना लावून, इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवायचे. हळू. कुठे अडले तर जोर लावायचा नाही, थांबायचे. आणि दोन फेऱ्यांनंतर सगळ्या निशाण्या पुन्हा पाहायच्या. दोनच फेरे, कारण दोन फेऱ्यांनी कॅमचा एक फेरा पूर्ण होतो.

तर त्या शनिवारी काय झाले? साडेअकरा वाजले होते. शेडच्या टिनाखाली बसवत नव्हते. बाई दोनदा येऊन विचारून गेल्या होत्या, कारण संध्याकाळी त्यांना एका बाळंतिणीकडे जायचे होते. चेन चढवली, कॅमच्या चाकावरच्या दोन रेघा हेडच्या कडेला समांतर आल्या, टी ची निशाणी समोर, टेन्शनर बसवून सोडला. दोन फेरे हाताने फिरवले. कुठे अडले नाही. मी वरून वाकून पाहिले आणि म्हणालो, झाले, लावा झाकण.

धिवराचा मुलगा म्हणाला, "सर, निशाणी सरळ नाही दिसून राहिली."

मी म्हटले, तू तिरपा उभा आहेस म्हणून तसे दिसते. त्याने मान हलवली, पण झाकण उचलले नाही. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी आणली आणि हेडच्या कडेवर धरली. रेघ पट्टीच्या वर होती. तिरपा मी उभा होतो.

एका दात्याचा फरक. ३६० भागिले ३२ म्हणजे कॅमचे सव्वाअकरा अंश, आणि क्रँकचे त्याच्या दुप्पट, साडेबावीस. तशी गाडी चालू झालीही असती कदाचित. पण चढावर दम टाकला असता, पेट्रोल जास्त खाल्ले असते, आणि व्हॉल्व्ह वाचले असते की नाही, सांगता येत नाही.

कारण नंतर सापडले. चेनच्या दोन बाजू असतात. एक ओढणारी, तिथे चेन ताठ हवी. दुसरी टेन्शनरची, सगळा सैलपणा तिकडे हवा. आम्ही चेन चढवताना थोडा सैलपणा ओढणाऱ्या बाजूला राहिला होता. त्यामुळे निशाण्या आधी जुळल्यासारख्या दिसल्या, आणि फिरवल्यावर सैलपणा जागेवर गेला तसा फरक उघड झाला. मग टेन्शनर परत मागे घेतला, चाक उतरवले, ओढणारी बाजू बोटाने ताठ धरून चेन एका दात्याने सरकवली, पुन्हा दोन फेरे. या वेळी पट्टी त्यानेच धरली आणि मला बोलावलेही नाही. खाली बसून स्वतः पाहिले आणि म्हणाला, "आता सरळ हाय."

बाकीचे काम नेहमीचे. टॅपेटची फट गेजने पाहिली, पुस्तकात दिली तेवढी ठेवली. बोल्ट पुस्तकातल्या मापानुसार कसायला टॉर्क पाना लागतो. तोही आमच्याकडे नव्हता, मी माझ्या एका जुन्या शिष्याकडून आणला. हाताच्या अंदाजाने कसणारे चांगले मिस्त्री आहेत, मीही कसत होतो. पण शिकणाऱ्या मुलाला अंदाज कुठून येणार? अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधला आटा एकदा गेला की गेला. ताजे ऑइल भरले. प्लग बाहेर ठेवूनच आधी किक मारून इंजिन फिरवले, म्हणजे ऑइल वर चढते. मग प्लग लावला.

पहिल्या किकला चालू झाली नाही. चौघांची तोंडे पाहण्यासारखी होती. बॅटरीची वायर लावायची राहिली होती म्हणून मी आधी तिच्याकडे गेलो, पण खरे कारण प्लगची टोपी अर्धवट बसली होती. ती दाबली, दुसऱ्या किकला चालू झाली. पहिले दोन-तीन सेकंद थोडा आवाज आला आणि मग काही नाही. नुसता पंख्याचा. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बंद पडली का?"

संध्याकाळी त्या बाळंतिणीकडे गेल्या. त्यानंतर महिन्याभरात गाडी जवळपास रोज चालली आहे. पाचशे किलोमीटरवर मी पुन्हा ऑइल बदलले, कारण जुन्या पट्टीचा उरलासुरला भुगा आत राहिला असेल तर निघावा. जाळी स्वच्छ निघाली.

खर्चाचे विचाराल तर चेन, पट्ट्या, टेन्शनर, पॅकिंग आणि ऑइल, सगळ्याची पावती खजिनदारांकडे आहे. गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही तो खर्च गेलेला नाही. त्या गॅरेजची चूक आहे असे मी म्हणत नाही. त्यांना पोट आहे, भाडे आहे, आणि गाडीचे आतले काही न पाहता बाहेरून सावध आकडा सांगणे ही या धंद्यातली रीत आहे. मजुरी आमची शून्य होती, हेही खरे. नवी गाडी घ्यायचा विषय समितीने पुढच्या वर्षावर टाकला आहे. ती कधीतरी घ्यावी लागेलच, गाडीचे वय झाले आहे. पण या पावसाळ्यात नाही. रोवण्याच्या दिवसांत टोल्यांवरचे रस्ते चिखलाने भरतात, आणि तेव्हाच ताप वाढतो. त्या दोन महिन्यांसाठी गाडी तयार असणे, यासाठी आमची धडपड होती.

तुमच्याकडे मागायचे काही असेल तर मागा, असे मला सांगितले आहे. मला मागता येत नाही, पण तीन वस्तू सांगतो. मॅग्नेट पुलर, टॉर्क पाना आणि फीलर गेजचा एक चांगला संच. तिन्ही जुन्या चालतील. कोणाच्या घरी बंद पडलेली फोर-स्ट्रोक स्कुटी अंगणात उभी असेल, भंगारवाला फार भाव देत नसेल, तर ती आम्हाला द्या. चालू करून परत मागू नका, कारण मुले ती दहा वेळा खोलतील आणि दहा वेळा लावतील. बाईंच्या गाडीवर शिकवणे मला पुन्हा नको आहे. त्या दिवशी माझाही जीव वर-खाली होत होता.

धिवराच्या त्या मुलाविषयी दोघांनी विचारले. तो आज आलेला नाही. घरच्यांबरोबर नागपूरला कामावर गेला आहे, मृगाचा पाऊस पडला की परत येईल असे त्याच्या आईने सांगितले. त्याची स्टीलची पट्टी शेडमध्येच राहिली आहे. मी ती हत्यारांच्या फळीवर त्याच्या नावाने ठेवली आहे.

जुनी चेन शेडच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे, शेजारी नव्या चेनचे रिकामे खोके आहे. चहा झाल्यावर या. चेन आडवी धरून दोन्ही टोकांना पाहा, ती किती लुळी पडते ते. हात काळे होतील, बाहेर बादलीत पाणी आणि साबण ठेवला आहे.